साहेबांसाठी उपसलेली विहीर

यशया उजागरेला नाटकात काम द्यायचं झालं असतं, तर कुणीही बोलकं काम दिलं नसतं. राजाच्या मागे भाला धरून उभा राहणारा शिपाई, फार तर फार. पण असल्या माणसांवाचून दरबार भरत नाही, आणि कारखानाही चालत नाही.

नेवासा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तो अकरा वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस होता. बाटल्या धुवायच्या आणि नमुने भरायचे, हे त्याचं काम. डिस्टिलरीतून निघणारं काळं-तांबडं, जळक्या गुळाच्या वासाचं पाणी कुंपणामागच्या तळ्यात सोडत. तळं नुसतं खोदलेलं, खाली अस्तर नाही. तिथून अर्ध्या मैलावर बाभूळवस्ती. नऊ घरं ख्रिस्ती, आठ बौद्ध, आणि सतरा घरांत मिळून एक विहीर.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं. गाभण गाई गाभडल्या. शेजारच्या भागिरथीमावशीच्या हातांना खाज सुटली आणि भेगा पडल्या. यशयाची मुलगी सिल्व्हिया आठवड्यातले दोन दिवस शाळेऐवजी पोट धरून घरात. यशयानं एका रविवारी बाटली डब्यात लपवून प्रयोगशाळेत नेली, विहिरीचं पाणी तपासलं, आणि जे कळलं ते कुणालाच सांगितलं नाही.

सांगणार कसा? नाशिकहून प्रदूषण मंडळाचे साहेब यायचे, तेव्हा आधी निरोप असायचा. कारखान्याचे मॅनेजर काकासाहेब हाक मारायचे, "यशया, पाहुणे येताहेत." मग यशया कालव्याच्या पाण्याचा वॉल्व्ह सांडपाण्याच्या नाल्यात सोडायचा आणि तासाभरानं साहेबांची बाटली स्वतःच्या हातानं भरून द्यायचा. काकासाहेब काही राक्षस नव्हते. यशयाची बायको मेरी बाळंतपणात अडली तेव्हा त्यांनी आपली जीप दिली होती. आवारात पाच हजार झाडं लावली होती, त्यांचा रंगीत फोटो वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर होता.

शहाण्णव सालच्या थंडीत यशयानं नाशिकला पत्र लिहिलं. विहीर तपासा, एवढंच. खाली नाव नाही. सतरा घरांत महिन्याचा पगार आणणारा तो एकटा, म्हणून ही गोष्ट त्यानं बायकोपासूनही दडवली.

ग्रामपंचायतीत निरोप आला: गुरुवारी साहेब आधी कारखाना बघतील, मग बाभूळवस्तीची विहीर. काकासाहेबांनी यशयाला मंगळवारपासूनच कारखान्यावर थांबवून घेतलं. गुरुवारी सकाळी त्यानं नेहमीसारखा वॉल्व्ह सोडला. तासाभरानं साहेबांची बाटली भरून दिली. ही बाटली खोटं बोलेल, तर बोलू दे. दुसरी, विहिरीची, खरं बोलणार होती.

संध्याकाळी तो सायकलवरून वस्तीत शिरला, तर विहिरीभोवती पांढरी फक्की आखलेली. काठ शेणानं सारवलेला. माणसं लग्नघरासारखी बसलेली.

"ये ये, यशया," भिमाजीतात्या म्हणाले. वस्तीत त्यांचा शब्द चाले. "आज तू पायजे हुतास. साहेब उभ्या उभ्या पेलाभर पानी प्याला. दोन बाटल्या भरून घिऊन गेला."

"कसलं पाणी प्याला?"

"कसलं म्हंजी? ह्याच हिरीचं."

यशयानं वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं.

"दोन दिस इंजिन लावून पार तळ उपसला," भागिरथीमावशी म्हणाली. "गाळ मीच काढला, कमरेला दोर बांधून. बुडाला लई घाण साठलीवती रं."

"आन् काकासायबांनी टँकरच्या चार खेपा धाडल्या," तात्यांनी पुढे जोडलं. "म्या मागाया गेलो तर हसून म्हनले, पाव्हनं येनार म्हंजी पानी पायजेच."

"तात्या, हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? राळेगणला साहेब लोकं का जात्यात? तिथं सगळं लख्ख असतंय, म्हनून. आपुन पाव्हन्याला घान दावायची, आन् वर नळ मागायचा, व्हय?"

यशया काठावर खाली बसला. मग बसल्या जागी सगळं सांगून मोकळा झाला: डब्यातली बाटली, पत्र, वॉल्व्हसुद्धा. सगळ्यांआधी बोलली ती मेरी.

"बाटलीला सांगितलंत, कागदाला सांगितलंत. बायकूला तेवढं न्हाई."

"नोकरी गेली असती, मेरे."

"आन् आता काय ऱ्हायलं?"

तात्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "एक सबूद टाकला असतास," ते हळूच म्हणाले, "तर आमी इंजिनाला हात लावला असता का?"

पंधरा दिवसांत पाझर आला आणि पाणी पुन्हा तांबडं झालं. महिन्यानं नाशिकचा कागद आला: पिण्यास योग्य. त्याच कागदाकडे बोट दाखवून पंचायतीनं वस्तीचा नळाचा अर्ज मागे ठेवला.

तेव्हा यशयानं रजा टाकली, बाटली भरली आणि एसटीनं नाशिक गाठलं. साहेब तरुण होते, बोलायला सभ्य.

"मी स्वतः प्यायलोय ते पाणी," ते म्हणाले.

"ते कालव्याचं होतं, साहेब. कारखान्यातही तुम्ही कालवाच नेत होता. वॉल्व्ह मीच सोडायचो."

साहेबांनी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "हे लिहून द्याल? सहीनिशी?"

यशयानं लिहिलं. नाव, हुद्दा, गाव, सगळं.

आठवडाभरात त्याची नोकरी गेली. काकासाहेब रागावले नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. "आधी माझ्याकडे यायचं होतंस," एवढंच म्हणाले. यशया घोडेगावच्या बाजारात जनावरांच्या गाड्या उतरवायला जाऊ लागला. दुसऱ्या खेपेला साहेब न कळवता आले. विहिरीला कुणी हात लावला नव्हता. या वेळचा निकाल यायला सात महिने लागले: पिण्यास अयोग्य. कारखान्याला नोटीस निघाली, कारखान्यानं वकील दिला, आणि तळं होतं तिथंच भरत राहिलं.

मात्र एक गोष्ट लगेच झाली. कारखान्यानं आपल्या खर्चानं पत्र्याचा सुबक फलक करून विहिरीवर लावला, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. काकासाहेब आले, फोटो निघाला. त्या वर्षीच्या अहवालात तो झाडांच्या शेजारी छापला, खाली ओळ होती, 'आमची सामाजिक बांधिलकी'.

फोटोवाले गेल्यावर भागिरथीमावशी घागर घेऊन आली.

"काय लिवलंय रं त्यावर, यशया?"

"हे पाणी पिऊ नये."

"आन् दुसरी हीर कुठं हाय, ते?"

"ते लिहिलेलं नाही, मावशी."

मावशीनं पोहरा आत सोडला. दोर हातांच्या भेगांत रुतला तशी ती कळवळली. यशयानं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः ओढायला लागला.