अर्धा भरलेला बाउजर

लडाखच्या पोस्टिंगला मी एमटी हवालदार होतो. गाड्या आणि ड्रायव्हर माझ्या ताब्यात. माझं गाव परंडा तालुक्यातलं, माझा ड्रायव्हर नायक बशीर मुजावर मुरुमचा. प्लाटूनमध्ये धाराशिव जिल्ह्यातले आम्ही दोघंच. चारचौघांत तो मला ‘उस्ताद’ म्हणायचा, एकटे असलो की ‘भाऊ’.

सहाला फॉलिन, रांगेत हजेरी, मग गाड्यांची तपासणी, सातला कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, बाहेर. नव्या ड्रायव्हरला मी सांगायचो, आधीची गाडी हातातून उतरव, मग दुसरीत बस. जिप्सी वळणावर ऐकते. थ्री-टन ट्रकला वळणाच्या आधीच सांगावं लागतं. अ‍ॅम्ब्युलन्सचा ब्रेक मागं झोपलेल्याची जखम आठवून दाबायचा. बशीरला हे शिकवावं लागलं नाही. अनोळखी गाडी तो आधी मैदानात दोन चकरा फिरवायचा, मगच तिच्यासाठी सही करायचा.

त्या दिवशी पाण्याच्या बाउजरचा, म्हणजे टँकरचा, ड्रायव्हर आजारी पडला. बशीरला बसवलं. मैदानात फिरवायला वेळ मिळाला नाही. वरच्या पोस्टला अर्धं पाणी दिलं, उरलेलं खालच्या पोस्टला द्यायचं होतं. भरलेला टँकर जड असतो, पण शांत असतो. अर्धा भरलेला सगळ्यात वाईट. ब्रेक दाबला की पाणी पुढं धावतं. वळलं की बाहेरच्या अंगाला जातं आणि गाडीला ओढतं.

मी बशीरला म्हणालो, “दुसऱ्या गियरवरच राहा. पाणी थांबू दे, मग वळ.”

“व्हय भाऊ.”

नऊ चाळीसला उतार लागला. मी सगळ्यात मागं, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत. रस्त्यावरचं खालचं गेट अकराला बंद होणार होतं आणि बाउजर मागं पडत होता. कॉन्व्हॉय कमांडर कॅप्टन होते, पुढच्या जिप्सीत. रेडिओवर त्यांचा आवाज आला.

“बाउजर, क्लोज अप. गॅप कम करो.”

“सर, पानी हिल रहा है. स्पीड नहीं दे सकता.”

“बहाना नहीं. क्लोज अप. आउट.”

रेडिओ सेट माझ्याही हातात होता. मी बोलायचं बटण दाबलं नाही.

बशीरनं गियर वाढवला. तिसऱ्या वळणावर बाउजर बाहेरच्या अंगाला कलला आणि दरीत गेला. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. आम्ही दोर लावून उतरलो. बशीरला वर आणेपर्यंत दगडांवर सांडलेलं पाणी गोठायला लागलं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला तीन प्रश्न विचारले. गाडी फिट होती का? लायसन्स होतं का? ब्रीफिंग दिलं होतं का? तिन्हींना मी ‘यस सर’ म्हणालो. रेडिओचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. निष्कर्ष निघाला, चालकाचा निष्काळजीपणा. कॅप्टन मेजर झाले. मी नायब सुभेदार होऊन, पेन्शन घेऊन घरी आलो.

त्यानंतर मुरुमला गेलो. बशीरच्या वडिलांनी उभा जन्म ट्रक चालवलेला. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, “टँकर किती भरला व्हता?”

“अर्धा, चाचा.”

ते म्हणाले, “मंग त्यानं आपल्या मनानं पळवला न्हाय. कुणी सांगितलं?”

मी सगळं सांगितलं. माझ्या बटणाचंही.

“हे तवा का न्हाय बोललात?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“तुमच्या चौकशीचा कागद खरा मानला म्या,” ते म्हणाले. “मेलेल्या लेकाला चार वर्सं निष्काळजी म्हणत आलो.”

आम्ही कब्रस्तानात गेलो. चाचा खाली बसले आणि कबरीच्या मातीवर हात ठेवून बशीरची माफी मागू लागले. मी मागं सावधानमध्ये उभा राहिलो. बटण न दाबलेला हात सॅल्यूटला उचलला नाही.