यानिस आणि आप्पांचा हार

यानिस आमच्या घरी आला की आधी भिंतींना भेटायचा, मग माणसांना. चपला काढायच्या, हात मागे बांधायचे आणि फोटो, कॅलेंडर, देव्हारा असं एकेक निरखत हिंडायचं. तोवर चहा गार. मी वैतागले की म्हणायचा, "म्युनिकला आमच्या गुरूंनी एकच शिकवलं. तोंड मिटा, डोळे उघडा." आणि तोंडात माझ्या हातची शंकरपाळी.

इथे परदेशात, वुडलँड्सला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा हा पन्नाशीचा ग्रीक चित्रकार. जर्मनीत सहा वर्षं शिकलेला. बायको हार्बरफ्रंटला जहाज कंपनीत, तिच्या नोकरीपायी हा इथे. हात सुरेख, पण नशीब असं की एकही चित्र कुणाच्या भिंतीवर टिकेना. कुणाला नाक मोठं वाटे, कुणाचं पडद्यांशी जुळेना. चित्र आपलं परत. शेवटी बायकोने त्याला ऑफिसात फायली लावायची नोकरी बघितली. नेमकी तेव्हाच माझ्या सासऱ्यांची, आप्पांची पंचाहत्तरी आली आणि मी त्याला त्यांचं चित्र काढायला सांगितलं. "हेही परत आलं, तर सोमवारपासून फायली," तो म्हणाला. महिनाभर त्याने मला चित्राकडे फिरकू दिलं नाही.

पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं, चाळीस पाहुण्यांसमोर यानिसने चादर ओढली. आप्पा हुबेहूब! चष्म्याची वाकडी काडीसुद्धा. आणि चेहऱ्याभोवती रंगवलेला चंदनाचा घसघशीत हार, खाली मिणमिणता लाल दिवा.

एका काकूंनी सवयीने हात जोडले. आमची रिया इथल्या पोरांच्या ढंगात बोललीच, "आजोबा, यू लुक डेड लाह."

मी यानिसला स्वयंपाकघरात नेऊन झापलं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, तुम्हा मराठी लोकांच्या घरात ज्यांना खरा मान, त्या सगळ्यांच्या फोटोंना हार असतो; आप्पांना कमी मान कसा देऊ? अरे शहाण्या, एकदा तोंड उघडून विचारायचंस तरी! तो बाहेर गेला आणि चित्र उतरवू लागला. मला रागही आला होता आणि रडूही.

आप्पा उठले. चष्मा पुसून बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "हार घातल्यावर आपण कसे दिसतो, हे बघायला मिळतं का कुणाला? आणि पुढे तुमची धावपळ वाचली."

मी ते इंग्रजीत सांगितलं, तसा यानिस आमच्या सोफ्यावर बसून ढसाढसा रडला. सोमवारी तो फायलींकडे फिरकला नाही. आप्पांच्या दोन मित्रांनी आपापली चित्रं सांगितली होती, हारासकट. दोघेही ठणठणीत.

गेल्या वर्षी बायकोची बदली झाली आणि यानिस ग्रीसला परतला. अजून रविवारी फोन करतो. चित्र भिंतीवर आहे ना, एवढंच विचारतो. मी फोन आप्पांकडे देते. ते मराठीतच ओरडतात आणि त्याला ते बरोब्बर कळतं.

"आहे रे बाबा. दोघंही आहोत."