पोटाखालचा हात

बबनमामा गेल्याचं मला कळलं ते लाँड्रीतल्या मुलीकडून, तेही चार दिवसांनी. ऑपरेशनचे हिरवे कपडे आणायला गेले, तर ती म्हणाली, "हिर्डोशीचे मामा वारले की, सिस्टर. तुमाला न्हाई म्हाईत?" नव्हतं माहीत. मला कोण कळवणार? मी त्यांच्या नात्यातली ना गोत्यातली. गठ्ठा उचलला, वर आले आणि पुढच्या केसची तयारी केली. घरी ऐकून घ्यायला कुणी नाही. महिना उलटला, तरी कुणाशी बोलवत नाही... म्हणून लिहितेय.

मामा हायवेवरच्या आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरचे मदतनीस. शिक्षण सातवी. पण मणक्याच्या ऑपरेशनसाठी पेशंटला पालथं झोपवावं, तर ते मामांनीच. छातीखाली एक जाड उशी, कमरेच्या हाडांखाली दुसरी, आणि मधलं पोट मोकळं, अधांतरी. मग एका बाजूने हात घालायचे, पोटाखालून दुसऱ्या बाजूला काढायचे. हात अडला तर डॉक्टरांनाही थांबवायचे. मी नवीन होते, मला वाटायचं, काय हे नाटक! एकदा विचारलंच. म्हणाले, "पोट दबलं की रगताला जायाला वाट ऱ्हात न्हाई, सिस्टर. मग ते पाठीतल्या शिरांत तटतंय. खाचरातलं पानी तुंबलं की बांध फुटतो का न्हाई? तसंच हे."

एवढं समजावलं, तरी मी शहाणी! सारोळ्याच्या एका बाईंचं ऑपरेशन होतं. मामा रक्ताची पिशवी आणायला खाली गेले होते, डॉक्टर बाहेर हात धुता धुता घाई करत होते. कमरेची उशी मीच सरकवली. ती वर, पोटाखाली गेली. मामा परत आले, नेहमीसारखा हात घालायला वाकले, तर मी म्हटलं, "मी बघितलंय मामा, चला." ते थांबले. मग निमूट मागे झाले. अर्ध्या तासात जखम रक्ताने भरायला लागली, पुसावं तितकं पुन्हा येतंय. मामा चादरीखाली शिरले. हात आत जाईना. भूल देणाऱ्या मॅडमच्या मदतीने त्यांनी उशी खाली ओढली, तेव्हा कुठे रक्त आटोक्यात आलं. बाई वाचल्या, पुढे चालतही घरी गेल्या. पण डॉक्टर कडाडले, "उशी कुणी लावली?" माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी खाली मान घालून रक्ताचे बोळे मोजायला लागले.

"म्या लावली, सायेब," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मामा कपड्यांच्या खोलीत. रिटायर होईपर्यंत तिथेच चादरी मोजत बसले, थिएटरात त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. मी रोज दारावरून जायची. "जेवलात का, सिस्टर?" एवढंच विचारायचे. उद्या डॉक्टरांना सांगू, परवा सांगू... नोकरी कायम झाली, डॉक्टर पुण्याला गेले, मामा गावी गेले. मी भित्री ती भित्रीच राहिले. त्यांच्या गावाला जाऊन माफी मागावी, तर म्हणे एसटी कमी आहेत!

मागच्या आठवड्यात दुपारच्या एसटीने गेले एकदाची. मामी ओटीवर नाचणी पाखडत होत्या. चहा झाला. कप खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, उशी मी लावली होती. हाकलून देतील असं वाटलं. दिलं असतं तर बरं झालं असतं.

मामींनी सूप बाजूला ठेवलं. "ठावं हाय मला. त्याच दिशी सांगितलं हुतं त्यांनी."

"रागावले नाहीत?"

"राग न्हाई धरला. पर तुमची वाट लई बघितली. गुरुवारी सुट्टी आसती न्हवं तुमाला? हितं आल्यापास्नं दर गुरुवारी ह्याच एसटीला फाट्यावर जायाचे. कोन उतरतंय बघायाचे, आन् माघारी यायाचे. 'आज न्हाई आल्या सिस्टर,' म्हनायाचे."

परतीच्या गाडीला दीड तास होता. मामा बसायचे तो फाट्यावरचा दगड मामींनी लांबूनच दाखवला. मी त्यावर जाऊन बसले. गुरुवारच होता.