सहा बोर्ड, एक सप्लाय आणि कमलाक्षीबाईंचं नाक

कमलाक्षीबाईंना किळस फार. किती फार, तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने रसम भुरकलं की या पान तसंच टाकून उठायच्या. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नाही. पाहायला आलेल्या मुलाने कॉफीवरची साय बोटाने काढली आणि ते बोट चाटलं, तिथेच ते प्रकरण मिटलं. पुढे तीस वर्षं त्या सरकारी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये होत्या. तिथली पोरं विजेच्या झटक्यापेक्षा बाईंच्या ‘शी’ला जास्त भ्यायची. सैल स्क्रू दिसला, शी. उघडी तार दिसली, शी. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड दिसला तर बाई नाकाला पदर लावून बाहेरच जायच्या. पण खोटं कशाला बोला, बाईंचं स्वतःचं काम असं स्वच्छ असायचं की बघत राहावं.

निवृत्त होऊन त्या तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी राजवाड्यामागच्या गल्लीत आपल्या घरी बसल्या, तेव्हा सीतारामराव त्यांना बोलवायला आले. सीतारामराव त्याच गल्लीतले, बँकेतून मॅनेजर होऊन सुटलेले. गल्लीतल्या आपल्या मराठी घरांतली मुलं घरचं बोलणं समजतात, उत्तर तमिळमध्ये देतात आणि बाळबोध अक्षर समोर ठेवलं तर बघत बसतात, याचं त्यांना फार लागायचं. म्हणून स्वतःच्या घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी कम्प्यूटरवर अक्षरं शिकवायचा वर्ग काढायचा ठरवला. चेन्नईच्या एका नातलगांनी बंद पडलेल्या ऑफिसातले सहा मदरबोर्ड आणि कम्प्यूटरचे तेवढेच पडदे पाठवून दिले. ना कॅबिनेटची पत्र्याची पेटी, ना प्रत्येकाचा पॉवर सप्लाय. बोर्ड अगदी उघडेबोडके, भाजीच्या क्रेटमध्ये भरलेले. बाईंनी देखरेख करायची आणि सगळं उभं करायला पगारावर एक माणूस ठेवायचा, असं ठरलं.

तो माणूस म्हणजे सतीशकुमार. तिरुवैयारुच्या पलीकडच्या खेड्यातला, चाळिशीचा, आपल्याच लोकांपैकी. पण बाईंना पहिल्या दिवशीच त्याची शिसारी आली. तोंडात सदा पान. बोटं कातचुन्याने रंगलेली. तारेवरचं प्लास्टिक दाताने सोलायचा आणि तो तुकडा खिडकीतून थुंकायचा. कपाळावरचा घाम ज्या फडक्याने पुसायचा त्याच फडक्याने बोर्डावरची धूळ झटकायचा. बाई त्याच्याशी बोलायच्या त्या भिंतीकडे बघून.

सीतारामरावांनी त्याला साफ सांगितलं होतं की नोकरी विजयादशमीपर्यंत कच्ची. त्या सकाळी बोर्ड पाठवणारे चेन्नईचे पाहुणे येतील, त्यांच्यासमोर सहाही पडदे लागले तर पक्की, नाहीतर राम राम. सतीशकुमारच्या आधीच्या दुकानाने शटर ओढलं होतं आणि घरी दोन मुली शिकत होत्या. तेव्हा हे त्याला किती हवं होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

आता त्याने केलं काय? सहा बोर्ड एका लांब फळीवर ओळीने ठोकले, एकच मोठा सप्लाय घेतला आणि त्याच्या तारांना फाटे फोडून सहाही बोर्डांना जोडले. पहिल्या बोर्डाला तेवढं बटण. ते दाबलं की सप्लाय जागा व्हायचा, आणि वीज आली की बाकीचे पाच आपोआप सुरू. फाट्यांच्या जागी काळ्या चिकटपट्टीचे हे एवढे गोळे. बाईंनी ते पाहिलं आणि पदर नाकाला लावला. सहा जणांनी एका ताटात जेवावं तसला हा प्रकार, एकाला काही झालं की सगळे आडवे, असं त्यांनी भिंतीला सुनावलं. बोर्ड लहान आहेत, वीज थोडी खातात, मी विजेचा भार मोजून जोडलंय, असं सतीशकुमार दोनदा म्हणाला. एकेका बोर्डाचा हिशेब त्याने वहीच्या पानावर मांडून आणला होता. त्या पानावर पानाचे डाग होते, म्हणून बाईंनी ते हातात घेतलं नाही.

सरस्वतीपूजेच्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळी हत्यारं, पुस्तकं, यंत्रं देवापुढे मांडली. फळीही मांडली. त्या दिवशी कुणी कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा करून मगच सुरुवात. ही पूजा बाईंची. लॅबमध्ये तीस वर्षं प्रत्येक यंत्राला चंदन-कुंकवाचा टिळा त्याच लावत आल्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या बोटाचा टिळा त्यांना चालायचा नाही. विजयादशमीला पहाटे न्हाऊन त्या आल्या. आदल्या दिवशीचे टिळे सुकून पापुद्रे धरले होते, ते त्यांना बघवेनात. गुलाबपाण्यात चंदन चांगलं सैलसर कालवून त्यांनी सहाही बोर्डांना नवे ठसठशीत टिळे लावले. पहिल्या बोर्डाला जरा मोठा.

नऊ वाजता पाहुणे आले. बारा मुलं नवे कपडे घालून जाजमावर बसली. सीतारामरावांनी नारळ फोडला आणि पाहुण्यांनी बटण दाबलं. बोर्डांवरचे पंखे फिरले, सहाही पडदे उजळले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. चार-पाच सेकंदांत सगळं काळंठिक्कर. भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले.

मग कमलाक्षीबाई उठल्या. इतक्या दिवसांची मळमळ बाहेर पडायला वाट हवीच होती. एका सप्लायवर सहा बोर्ड, दाताने सोललेल्या तारा, घामाचं फडकं, चिकटपट्टीचे गोळे, काही म्हणता काही ठेवलं नाही. हे काम नव्हे, घाण आहे, असं त्या पाहुण्यांसमोर, मुलांसमोर म्हणाल्या. सतीशकुमार खाली मान घालून उभा होता. एकदा त्याने पहिल्या बोर्डाकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं, आणि पुन्हा मान खाली घातली. सीतारामरावांचा चेहरा पडला होता. त्यांनी तिथल्या तिथे त्याच्याकडून खोलीची किल्ली मागून घेतली.

सगळे गेल्यावर बाई एकट्याच राहिल्या. ही घाण आपणच उपसायची, अशा तोऱ्यात त्यांनी पदर खोचला आणि चष्मा पुसून फळीवर वाकल्या. पहिल्या बोर्डाच्या कोपऱ्यात बटणाच्या दोन बारीक पिना असतात, त्यांच्यावर लाल-पिवळा लगदा बसला होता. टिळा ओघळून बरोबर तिथे उतरला होता. ओल्या चंदनातून वीज झिरपत होती. बटण सोडलं तरी बोर्डाला वाटायचं की कुणी ते दाबूनच धरलंय, आणि चार सेकंद बटण दाबून धरलं की बोर्ड स्वतःला बंद करतो. पहिला बंद, म्हणजे सप्लाय बंद, म्हणजे सगळे बंद.

 तीस वर्षं टिळा लावला तो कॅबिनेटच्या पत्र्यावर. इथे पत्रा नव्हताच. डोळ्यांना ते दिसत होतं, पण हात सवयीने गेला.

स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश आणून त्यांनी पिना स्वच्छ केल्या. वाळू दिल्या. बटण दाबलं. सहाही पडदे लागले आणि लागलेच राहिले. तासभर बाई समोर बसून होत्या. सप्लायला हात लावून पाहिला तर जेमतेम कोमट. मग इतके दिवस किळसेपायी जे केलं नव्हतं ते केलं. चिकटपट्टीचा एक गोळा सोडवला. आत प्रत्येक तार कथलाचा डाग देऊन पक्की केलेली, वर प्लास्टिकची नळी चढवलेली. बाईंनी स्वतः केला असता तसा जोड. त्यांनी दुसरा सोडवला, तिसरा सोडवला. सगळे तसेच.

तेवढ्यात सीतारामराव डोकावले आणि चालू पडदे बघून हरखले. बाईंचा हात लागला की हे असं होतं, म्हणाले. बाईंनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. सीतारामरावांनी ऐकून घेतलं, जरा घसा खाकरला आणि म्हणाले की आता ते उगाळण्यात अर्थ नाही, पाहुण्यांसमोर शब्द गेलाय, शिवाय माणूस गबाळा होताच. हे कुणाला कळायची गरज नाही. बाईंना त्यांच्या गुळगुळीत चेहऱ्याची अशी शिसारी आली की त्या तशाच चपला घालून बाहेर पडल्या.

तिरुवैयारुच्या बसच्या थांब्यावर सतीशकुमार पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. या खेपेला बघायला भिंत नव्हती.

“टिळा पिनांवर ओघळला होता,” त्या म्हणाल्या. “मी लावलेला. तुझं काम चोख होतं.”

“ठाऊक आहे, अक्का. मीं तेव्हांच पाहिलें.”

“मग बोलला का नाहीस?”

सतीशकुमार रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. “देवाचें कुंकू तें, तुमच्या हातचें,” तो म्हणाला. “ह्या असल्या बोटांनीं पुसायला गेलों असतों, तर तुम्ही पुसूं दिलें असतें काय?”

बाईंना उत्तर ठाऊक होतं. नाही, नसतं दिलं. त्याचं म्हणणं पुरतं ऐकूनही घेतलं नसतं. वर फळी विटाळली म्हणून मुलांना अंघोळीला पिटाळलं असतं.

उद्यापासून ये, मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगते, सीतारामरावांना सरळ करते, असं त्या म्हणाल्या. सतीशकुमारने नकाराची मान हलवली. काम मिळेल कुठेतरी, म्हणाला. वर्गात पुन्हा येणं मात्र त्याला जमणार नव्हतं. महिनाभर रोज घरी जाऊन तो साबणाने हात घासायचा, आणि मोठ्या मुलीने एकदा विचारलं होतं की अप्पा, हाताला काय झालंय.

बस आली. तो चढला, खिडकीशी बसला आणि बाईंना त्याने रीतसर नमस्कार केला. बाई थांब्यावर उभ्याच राहिल्या. आयुष्यभर त्यांना जगाची किळस आली होती, आणि दर वेळी पदर नाकाला लावून बाजूला होता आलं होतं. आज किळस आली ती स्वतःची, आणि बाजूला व्हायला जागा नव्हती.