पांढरा दोरा

तिने वीस वर्षं शाळेची दप्तरं शिवली. जाड कापड, दुहेरी टाके, खांद्याच्या पट्ट्याला चौकोनी शिवण. कारखाना बंद पडला तेव्हा धाकट्या भावाने तिला सिनेमाच्या कामावर नेलं. तो शूटिंगमध्ये नटांना तारेवर उडवायचा. नवा सिनेमा पोराबाळांसकट सगळ्यांनी बघावा असा होता. जंगलात हरवलेल्या लाकूडतोड्याच्या मुलीची जुनीच गोष्ट, पण यात ती रडत बसत नाही, बगळ्यांबरोबर उडत घरी येते. त्या मुलीचा, तार अडकवायचा कमरपट्टा शिवायचं काम ताईकडे आलं. भावामुळे सगळेच तिला ताई म्हणायला लागले होते.

काम करणारी मुलगी आठ वर्षांची. पट्टा आवळताना गुदगुल्या होतात म्हणून खिदळायची.

सकाळच्या तालमी नीट झाल्या. जेवणानंतर खरा शॉट. मुलगी दोन मजले वर गेली. इशारा मिळताच भावाने तिला झपकन खाली सोडून मध्येच थांबवायचं होतं, बगळा सूर मारतो तसं. पंख्यांच्या वाऱ्याने तिचा झगा उडाला आणि ताई पुढे सरकली. पट्ट्यावर पांढरा दोरा दिसत होता. तिने तर अख्खा पट्टा काळ्या नायलॉनने शिवला होता.

"थांबा! तिला खाली घ्या!"

"कोण ओरडलं?" दिग्दर्शक भडकला. "ऊन चाललंय माझं!"

"ती शिवण माझी नाही."

"ताई, गप्प बस," भाऊ दातओठ खात म्हणाला. "तुझ्यापायी माझंही काम जाईल."

ती सरळ चालत गेली आणि मुलीच्या बरोबर खाली, कॅमेऱ्यासमोर फतकल मारून बसली. आता शॉट घेणार कसा?

"ताई, काय झालं?" वरून मुलीने विचारलं.

"काही नाही गं राणी. हलू नकोस. तार घट्ट धर."

भाऊ इंचाइंचाने दोर सोडत होता. ते दोन मजले संपता संपेनात. मुलीचे पाय हाताला लागताच ताईने उठून तिला जमिनीवर उतरवून घेतलं.

कपडेपटातली बाई रडकुंडीला आली. "झग्याखाली पट्टा फुगत होता हो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत थोडा कापून आत घेतला. पण घट्ट शिवलाय."

दिग्दर्शकाने मुलीच्या वजनाचं वाळूचं पोतं पट्ट्याला बांधून वर टांगायला लावलं. पोतं लटकत राहिलं. शिवण हलली नाही. मागे कुणीतरी हसलं.

"झालं समाधान?" दिग्दर्शकाने विचारलं.

ताईचे कान तापले. आपलंच चुकलं की काय, असं तिला क्षणभर वाटलं. मग ती भावाला म्हणाली, "शॉटमध्ये देणार होतास, तसा झटका दे."

भावाने दिग्दर्शकाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. दोर सोडला आणि एकदम आवळला.

टर्रकन आवाज आला. पोतं जमिनीवर आपटून फुटलं. बाजूला उभ्या असलेल्या मुलीच्या आईने लेकीला पोटाशी घेतलं.

ताईने संध्याकाळपर्यंत नवा पट्टा शिवला. कपडेपटातल्या बाईला ती एका शब्दाने बोलली नाही, शेजारी बसवून टाके दाखवले.

घरी जाताना भाऊ म्हणाला, "दोर माझ्या हातात होता गं."

"उद्याही तुलाच धरायचाय," ताई म्हणाली. "घरी जाऊन आधी नीट जेव."

दुसऱ्या दिवशी शॉट तिसऱ्या वेळी जमला.