लेक माहेरी, बाप आखाड्यावर

दुपारपासून एका जागी बूड टिकंना, म्हणून इथं लिहितोय.

माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे. काल पुण्यात मांडीच्या नसेतून थेट गाठीपर्यंत बारीक किरणोत्सारी मणी सोडले. आज सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, आठवडाभर गरोदर बाईपासून लांब ठेवा. आणि घरात अण्णांची लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली.

तिला आठ दिवस सासरी पाठवू म्हणालो, तर अण्णा गाडीतच भडकले. "बाळंतपणाला आलेली लेक माघारी धाडतेत व्हय बे? मीच राहतो शेतातल्या आखाड्यावर."

डॉक्टर म्हणतात, हे किरण फार लांब जात नाहीत. बातमी मात्र तासाभरात गावभर गेली, की लेकीनं बापाला घराबाहेर काढलं.

संध्याकाळी ती बांधावर जाऊन उभी राहिली. अण्णा आखाड्याच्या खोपीतून, बाजेवरूनच ओरडले, "तितंच थांब. जेवलीस का?"

"तुमी जेवले का?"

"तू आधी सांग."

दोघंही उपाशी होते, आणि डबा घेऊन मधे मी.

गाठ आटली का, हे कळायला दोन-तीन महिने लागणार. बाळ त्याआधी येईल.

तुमच्यापैकी कुणी असं थांबलंय का? कसं थांबलात, तेवढं सांगा. काढे सुचवू नका, सकाळपासून अकरा आलेत.