चौकटीच्या आत बसणारा माणूस

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. चंपतराव बारापात्रे. वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचा टिनाचा शेड आहे, अन् एकतीस वर्षांपासून ते तिथं ट्रकचे फाळके बनवतात. फाळका म्हणजे ट्रकचं मागचं दार, माल उतरवताना खाली पाडतात ते. मी त्यांची बायको, पुष्पलता. तोंडाची फटकळ आहे, हे गल्लीतलं कुत्रंही सांगेल. म्हणून दुसऱ्यानं सांगायच्या आत मीच सांगून टाकते, या गोष्टीत मी चुकले. एकदा नाही, दोनदा.

आमच्याकडं फाळका जमिनीवर बनतो. खाली चार विटा ठेवायच्या, त्यावर लोखंडी चौकट मांडायची अन् उकिडवं बसून वेल्डिंग मारायची. यांच्या उस्तादानं असंच केलं, उस्तादाच्या उस्तादानंही असंच केलं. टेबल कोणी मागितलं नाही अन् कोणी दिलं नाही. दिवसभर उकिडवं बसून यांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, "आजपासून उकिडवं बसायचं नाही." हे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उभ्यानं फाळका बनत नाही अन् झोपून पोट भरत नाही. मंग मी करू काय?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

एप्रिलात एक दिवस हे बसले ते उठेचनात. घाम फुटला, ओठ पांढरे पडले. मी डबा घेऊन आले होते म्हणून बरं. बाजूच्या गॅरेजातल्या गोपाळरावांना हाक मारली अन् आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. लोखंडाच्या चौकटी एकट्यानं फिरवणारा माणूस, अन् त्याला तांदळाच्या कट्ट्यासारखं उचलावं लागलं. मला राग आला. मला राग आला की मी रडते.

आमची पोट्टी मयुरी बुटीबोरीला एका कंपनीत ड्रॉइंगचं काम करते. ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडं सगळे टेबलावर उभं राहून वेल्डिंग करतात. आठ बाय चारचं मस्त टेबल करून टाका." मीही म्हटलं, हो, हो, कंपनीत असते ते चांगलंच असेल. ही माझी पहिली चूक. भंगार बाजारातून जाड प्लेट आणली, चार पाय लावले, कमरेएवढं उंच, लांबुळकं, देखणं टेबल झालं. मी त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला.

सहा दिवस टिकलं ते कौतुक. कंपनीत लोखंड उचलायला क्रेन असते हो! इथं यांचे दोन हात. प्रत्येक चौकट जमिनीवरून कमरेपर्यंत चढवायची, एक बाजू झाली की केबल ओढत पलीकडं जायचं, पुन्हा अलीकडं यायचं. दिवसभर उभं राहून गुडघा नारळाएवढा सुजला. सहाव्या दिवशी चौकट घसरली, पायाच्या बोटांपासून चार अंगुळं दूर पडली अन् पिळली. यांनी टेबल भिंतीला उभं करून ठेवलं. मग मी दुसरी चूक केली.

माझ्या जावयाच्या ओळखीनं एका गोडाउनवर वॉचमनची जागा पाहिली. खुर्चीवर बसायचं, गेट उघडायचं, लावायचं. निळा ड्रेस अन् शिट्टी घरी आणून खुंटीला टांगली. मला वाटलं, मी मोठा पराक्रम केला. यांनी ड्रेसकडं पाहिलं, शिट्टी हातात घेतली अन् म्हणाले, "पुष्पा, हे वाजवाले मी एकतीस वर्षं हात भाजले का वं?"

मी चिडले. "मंग काय करता? रोज कोण उचलाले येईन तुमाले?"

तेव्हा एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या दहा फाळक्यांचं काम यांच्या हातात होतं. त्याच्या मुनशीनं बजावून ठेवलं होतं, फाळका सपाट पाहिजे, डुगडुगला तर सगळे परत. हे म्हणाले, "महिन्याच्या आखरीपर्यंत दहा देतो. नाही जमले, तर एक तारखेले तुहा ड्रेस घालतो. अन् शेडची चाबी तुह्या हातात देतो." आमचे हे बोलतात कमी, पण बोलले की शब्द फिरवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तर हे शेडमध्ये नव्हते. गोपाळरावांच्या गॅरेजात ट्रकखाली उतरून काम करायचा खड्डा आहे. त्या खड्ड्याच्या काठावर, आत पाय सोडून बसले होते. मी त्यांच्या मांडीवर डबा ठेवला. यांनी अर्धी पोळी खाल्ली अन् थांबले.

"पुष्पा, गुडघा दुखून नाही राहिला."

"मंग खा ना."

"नाही वं. खरंच नाही दुखून राहिला."

डबा तसाच ठेवून उठले, खडू घेतला अन् शेडच्या फरशीवर टेबलं काढायला लागले. लांबुळकं काढलं, पुसलं. गोपाळराव म्हणाले, "गोल करा गा, भवताल फिरता येते." हे म्हणाले, "फिरून फिरूनच तर पाय गेले, गोपाळराव." कोपऱ्याचं काढलं, काटकोनासारखं. त्यात एक बाजू पाठीमागं जाते म्हणून तेही पुसलं. शेवटी घोड्याच्या नालेसारखी आकृती काढली अन् नालेच्या तोंडात स्वतः जाऊन उभे राहिले.

"मी टेबलाभवताल काहून फिरू? टेबलच बसू दे माह्याभवताल."

मग त्यांनी समजावून सांगितलं. टेबल उंच नाही, जमिनीपासून वीतभर. चौकट उचलायचीच नाही, नुसती सरकवायची. नालेच्या तोंडात खड्डा. माणूस खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसणार, अन् पत्रा लावायच्या आधी फाळक्याची चौकट मधून मोकळी असते, ती त्याच्या भोवतीनं टेबलावर बसणार. चारही कोपरे हाताशी. चौकट दाबून धरायचे चिमटे आतूनही लागतात, बाहेरूनही.

"चंपतराव," गोपाळराव म्हणाले, "हे टेबल होय का कबर?"

ते हसले. मीही हसले, कबूल करते. पण हसता हसता मला एकदम आठवलं अन् माझं हसू आटलं. असा पाय सोडून बसलेला माणूस मी पाहिला होता.

माझे सासरे बाबनराव उमरेडचे विणकर. खड्ड्याच्या मागावर त्यांनी चाळीस वर्षं धोतरं अन् लुगडी विणली. त्या मागात विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात असतात, पायानं पावड्या दाबायच्या अन् हातानं धोटा फेकायचा. पुढं माग विकावा लागला. रिकामा खड्डा घरात कशाला म्हणून यांनीच, पंचविशीतल्या पोरानं, त्यात विटांचे तुकडे भरले अन् वरून सिमेंट केलं. त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. नंतर आम्ही वाडीला आलो, तेही सोबत आले, पण घरापासून दोन गल्ल्यांवरच्या या शेडमध्ये एकतीस वर्षांत त्यांनी पाय ठेवला नाही. भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

यांनी भिंतीला टेकवलेलं ते आठ बाय चारचं टेबल आडवं पाडलं, पाय कापले, गॅस कटरनं मधला घास काढून नाल केली. तो कापलेला तुकडा खड्ड्याच्या तळाशी पाय ठेवायला बसवला. दोन दिवस खड्डा खोदला. त्याची खोली काही मोजली नाही, कागदावरही लिहिली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मले माहीत आहे."

मोठ्या झोकात खड्ड्यात पाय सोडून बसले. अन् दोन्ही गुडघे टेबलाच्या खालच्या धारेवर आपटले. पाय आत घालावे तर गुडघे छातीशी येत, बाहेर काढावे तर उकिडवं बसल्यासारखंच. तासाभरात पुन्हा सूज. महिना संपायला नऊ दिवस राहिले होते अन् एकही फाळका झाला नव्हता. मी घरी आले, निळा ड्रेस काढला अन् इस्त्री करायला घेतला.

चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे खाटेवरून पाहत होते. "काय झालं वं, पुष्पा?"

मी सगळं सांगितलं. टेबलाचं सांगितलं तोवर त्यांनी नुसती मान हलवली. खड्डा म्हटल्यावर मात्र उठून बसले.

"खड्डा? त्यानं खड्डा खोदला?"

"हो, मामंजी."

"माही चप्पल दे."

दोन गल्ल्या चालायला आम्हाला अर्धा तास लागला. यांनी बापाला शेडच्या दारात पाहिलं अन् हातातला वेल्डिंगचा होल्डर तसाच राहिला. सासरे काठी टेकत आले, नालेच्या तोंडात शिरले अन् खड्ड्याच्या काठावर बसले. पाय आत सोडले. तळवे बरोबर तळाला टेकले, गुडघे बरोबर टेबलाखाली गेले. बराच वेळ ते काठावरून हात फिरवत राहिले.

"हा तर माहा खड्डा आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा. मापात फरक नाही."

"एवढ्या वर्षांनी माप ध्यानात होतं तुह्या?"

"बोटाबोटानं, बाबा." यांनी होल्डर खाली ठेवला. "बुजवताना मीच उतरलो होतो ना त्यात."

सासऱ्यांनी पंचाच्या टोकानं डोळे पुसले. अन् मग, देवाशपथ, तो म्हातारा हसायला लागला. "अबे येड्या! माप बरोबर आहे, माणूस चुकला. माहे पाय पाहा, टिचभर. तू गेला तुह्या मायवर, ताडासारखा. आमच्यात खड्डा बसणाऱ्याच्या पायानं मोजतात. बापाच्या पायानं मोजत नाहीत."

मग सुतळी मागितली. यांना बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी लावली, वर चार बोटं धरली अन् गाठ मारली. "इथवर खाली जा. अन् मागची भिंत खालून आत कोर. टाच मागं गेली पाहिजे, नाही तं दिवसभरात कंबर जाते. वर याले दोन पायऱ्या कर." गोपाळराव सब्बल घेऊन आले. कबर म्हणणारा माणूस, पण खोदायला सगळ्यात पुढं. सासरे काठावर बसून हुकूम सोडत होते अन् मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघा बापलेकांना एका कामावर भांडताना ऐकत होते. कानाला गोड वाटलं हो!

पुढचे दिवस काय सांगू! यांनी चौकट सरकवली, आत बसले, पाय लांब सोडले अन् चारही कोपरे बसल्या जागी, जरासं वळून, जोडून टाकले. पहिल्या दिवशी एक फाळका झाला, दुसऱ्या दिवशी दोन. खालची प्लेट जाड अन् सपाट, चिमटे आतून-बाहेरून घट्ट, त्यामुळं उष्णतेनं चौकट पिळायला जागाच राहिली नाही. विटांवर बनवलेला प्रत्येक फाळका थोडा तरी डुगडुगायचा, हे मला यांनी तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं. एकतीस वर्षं लपवलं माझ्यापासून!

तीस तारखेला दुपारी मुनशी आला. दहावा फाळका शेडच्या सपाट फरशीवर टाकायला लावला अन् पोट सुटलेला तो माणूस एकेका कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. माझा जीव कानात गोळा झाला होता. टक् नाही, टुक् नाही. मग दोरी काढून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापं घेतली. बरोबर. उरलेल्या नऊंचंही तसंच केलं. शेवटी कपाळ पुसत म्हणाला, "बारापात्रे, कंपनीतून बनवून आणले का गा?"

"कंपनीतच बनले," हे म्हणाले. "उमरेडच्या."

मुनशीला काही कळलं नाही. पुढच्या महिन्याचे वीस सांगून गेला. मी मात्र तिथंच, सगळ्यांसमोर, रडले. या वेळी राग नव्हता. आतापर्यंत गल्लीतले तीन वेल्डर येऊन टेबल पाहून गेले. प्रत्येकाला सासरे आधी खाली बसवतात अन् सुतळी लावतात.

निळा ड्रेस मी परत पाठवला, अन् पाठवताना जावयाला चार गोष्टी सुनावूनही घेतल्या, त्याची बिचाऱ्याची काही चूक नसताना. शिट्टी तेवढी राहिली. ती सासऱ्यांनी गळ्यात घातली आहे. रोज सकाळी ते शेडमध्ये येऊन खुर्ची टाकून बसतात. वेल्डिंगच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून एक वाजला की जोरात शिट्टी मारतात. मी डबा उघडते. अन् चंपतराव चेहऱ्यावरचा पडदा वर करतात, टेबलावर हात टेकतात आणि कोणीही न उचलता उभे राहतात.